मागच्या सीटवर कोण बसतं?

पहिला पाऊस पडून गेल्यावर एका सकाळी गोव्यात फोंड्याजवळ कुर्टीच्या पुढच्या एका गॅरेजात मी गाडी घेऊन गेले होते. शेडच्या पत्र्यावरून अजून पाणी गळत होतं. ग्रीस आणि भिजलेली तांबडी माती यांचा मिळून जो वास येतो, तो सगळीकडे भरून राहिला होता. मेस्तांनी, म्हणजे तिथल्या मेकॅनिकनी, बॉनेट उघडलं नाही की इंजिन सुरू करायला सांगितलं नाही. ते सरळ मागे गेले, डिकीच्या काठावर दोन्ही तळवे ठेवले, अंगाचा सगळा भार टाकून गाडी खाली दाबली आणि सोडून दिली. गाडी वर आली, परत खाली गेली, परत वर आली आणि मग कुठे थांबली. चारही कोपऱ्यांना त्यांनी असंच केलं. माझ्या हातात कागद होते. स्प्रिंगचे आकडे, डॅम्परचे म्हणजे शॉकअप्सरचे पार्ट नंबर, रात्री जागून केलेली तुलना. मी ते पुढे केले. कागदांकडे न बघता फडक्याला हात पुसत त्यांनी विचारलं, "बाय, मागच्या सीटवर कोण बसतं?"

"आई," मी म्हटलं. "आणि चतुर्थीला सगळेच."

"मग आधी तिचं वजन लिही ह्यात," असं म्हणून ते दुसऱ्या गाडीकडे वळले.

त्या प्रश्नाने पुढे कित्येक दिवस माझी पाठ सोडली नाही. गाड्यांचा नाद असलेल्या माणसांत मी बरीच वर्षं वावरते आहे. सस्पेन्शन बदलायचं म्हटलं की किती खाली घेणार, किती कडक करणार, वळणावर किती झुकते, चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये किती बोटं उरतात, हेच सगळे विचारतात. मागे बसणाऱ्याचा विषय कुणाच्या तोंडून कधी निघाला नव्हता. माझी गाडी पोलो जीटी टीएसआय, १.२ लिटरचं टर्बो इंजिन, सात गिअरची, आपोआप गिअर बदलणारी डीएसजी. घाटाच्या चढावर ते इंजिन ज्या ओढीने वर खेचतं, त्या ओढीसाठीच मी ती घेतली. आपल्याकडे पोलो बनायचीच २०२२ साली बंद झाली, तेव्हापासून तर ती विकायचा विचारही मनात येत नाही. शॉकअप्सर वयाप्रमाणे थकले होते, ते बदलायचेच होते. बदलतोच आहोत तर स्प्रिंगही नीट निवडावी, गाडीची चाल तिच्या इंजिनाला शोभेल अशी करावी, एवढा माझा बेत. त्या बेतात आई होतीच. पण तिला आकड्यांत बसवायचं तर काय काय हलतं, हे त्या सकाळपासून डोक्यात घोळायला लागलं.

अशा हॅचबॅकचं इंजिन, गिअरबॉक्स, सगळा जड भाग पुढे. रिकामी गाडी अकराशे किलोंच्या आसपास धरली, तर मागच्या दोन चाकांवर जेमतेम सव्वाचारशे येतात. चतुर्थीला आम्ही फोंड्याहून उसगावमार्गे वाळपईच्या पलीकडे मूळच्या घरी जातो. तेव्हा मागे तिघं बसतात. डिकीत तांदूळ, नारळ, गणपतीवर बांधायच्या माटोळीचे चिबूड, सुपारीची शिपटी, देवाची भांडी, पाहुण्यांच्या पिशव्या. मागच्या चाकांवर आणखी दोनशे किलोंचा भार सहज चढतो, म्हणजे वजन जवळजवळ दीडपट. पुढे मात्र शेजारी एक माणूस जास्त, बाकी काही बदल नाही. तेवढ्या भाराने मागची बाजू सुमारे पाच सेंटिमीटर खाली बसते. खड्ड्यासाठी राखलेलं अंतर रस्त्याला लागण्याआधीच संपत आलेलं असतं. स्पोर्टी गाडीचे सगळे आकडे एकटा चालक, मोकळी डिकी आणि सुका रस्ता धरून मांडलेले असतात. आमच्या घरातली गाडी वर्षाचे बरेच दिवस तशी धावते हेही खरं. पण जे दिवस लक्षात राहतात, त्या दिवशी ती भरलेली असते.

लहानपणी वाळपईची बस धरायचो तेव्हा खिडकीच्या हव्यासापोटी मी शेवटच्या सीटवर जाऊन बसत असे. मागच्या चाकांच्याही मागे लोंबणारी ती सीट. पुढे बसलेल्यांना खड्डा कळायचा, आम्हांला तो उडवायचा. आधी बसचं नाक खाली जायचं, मग शेपटी वर यायची, आणि त्या वर येण्यात आम्ही सीट सोडून हवेत. भावंडांना त्याची मजा वाटे. आई मात्र तेव्हाही पुढच्या बारला धरून ताठ बसायची आणि उतरल्यावर बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभी राहायची. पुढे बाबांनी जुनी पद्मिनी घेतली. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. उन्हात तापलेल्या रेक्झिनचा आणि पेट्रोलचा वास भरलेली ती गाडी वळणावर एवढी झुकायची, की मी दाराला चिकटून जायची. आईला ती गाडी फार आवडायची. कारण तिने कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आता हिशेब करताना वाटतं, तिच्या अंगाला ते कारण ठाऊक होतं.

स्प्रिंगवर ठेवलेलं वजन सेकंदाला किती वेळा खालीवर होतं, हा सस्पेन्शनमधला पहिला आकडा. स्प्रिंगच्या कडकपणाला वजनाने भागायचं आणि त्याच्या वर्गमुळावर ही गती ठरते. आरामाच्या गाड्या एक ते दीड हर्ट्झच्या मधे असतात, स्पोर्टी गाड्या दीडपासून दोनपर्यंत जातात, शर्यतीच्या गाड्या त्याच्याही वर. माणूस चालताना सेकंदाला दोनेक पावलं टाकतो, त्यामुळे एवढं हलणं शरीराला परकं वाटत नाही. उभ्या दिशेने आपल्याला खरा त्रास होतो तो सेकंदाला चार ते आठ वेळा बसणाऱ्या हादऱ्यांचा. तेवढ्या वेगाने हलताना पोट आणि पाठीचा कणा स्वतःच थरथरू लागतात. स्प्रिंग जितकी कडक, तितकं चाकाखालचं बारीकसारीक खडबडीतपण त्या पट्ट्यात जास्त पोचतं. पुढच्या एका चाकावर सव्वातीनशे किलो धरले, तर दीड हर्ट्झसाठी चाकाशी मोजलेला कडकपणा सुमारे २९ न्यूटन प्रति मिलिमीटर लागतो. दोन हर्ट्झ हवे असतील तर ५१. अर्ध्या हर्ट्झसाठी स्प्रिंग जवळजवळ दुप्पट करावी लागते, आणि त्याची किंमत मोजते ती मागे बसलेल्याची कंबर.

ह्या प्रश्नावर फार पूर्वी एका माणसाने मन लावून काम केलं होतं. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्सच्या कॅडिलॅककडे गेलेला इंजिनिअर मॉरिस ऑली. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने एक मोठी गाडी घेऊन तिला पुढे-मागे सरकवता येतील अशी वजनं लावली, आणि वेगवेगळ्या मांडणीत माणसांना बसवून फिरवलं. त्याला दिसलं ते असं. खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना जरा उशिरा. अडीच मीटरच्या व्हीलबेसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराला, ताशी ६० किलोमीटर वेगात हा उशीर ०.१५ सेकंदाचा. पुढची बाजू आधी हलायला लागते. मागची स्प्रिंग पुढचीपेक्षा थोडी जास्त गतीने हलणारी असेल, तर उशिरा सुरू होऊनही मागची बाजू पुढचीला गाठते. मग दोन्ही बरोबर वर येतात, बरोबर खाली जातात, आणि गाडी डोलायची थांबते. मागची बाजू मंद असली तर उलट होतं. नाक वर तेव्हा शेपटी खाली, शेपटी वर तेव्हा नाक खाली. वाळपईच्या बसमधली माझी शेवटची सीट.

माझ्या अंदाजाने माझ्या गाडीत पुढे १.४ आणि मागे १.६ हर्ट्झ होते. ऑलीच्या हिशोबात अगदी बसणारे. मागे वजन दीडपट केलं की १.६ चे १.३ होतात.

आई बसली की क्रम उलटा होतो.

अर्थात एकटी आई नव्हे, तिच्याबरोबर मावशी, भाचरं, नारळ आणि तांदूळ. पण उसगावच्या पुढे झाडांखालून जाणाऱ्या रस्त्यावर, लागोपाठ दोन उंचवट्यांवर, गाडी जो डोल खायची आणि आरशात आईचा हात हळूच वरच्या हँडलकडे जायचा, त्याचं कारण मला कागदावर सापडलं. भार वाढल्याने डॅम्परची पकडही ढिली पडते. जो शॉकअप्सर रिकाम्या गाडीला पुरेसा वाटतो, तो भरलेल्या गाडीला कमी पडतो, आणि तो थकलेला असला तर मग विचारूच नका. मेस्तांनी डिकीवर हात दाबून जे पाहिलं ते हेच.

माझा भाचा फर्मागुढीला इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या गाडीवर त्याचा फार जीव, आणि त्याबद्दल मला त्याचं कौतुकच आहे. मागच्या वर्षी त्याने चाळीस मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा लावल्या, शॉकअप्सर मूळचेच ठेवले. गाडी दिसायला सुरेख झाली हे मान्य करते. जमिनीला टेकून झेप घ्यायच्या तयारीत बसलेली. एका रविवारी आम्ही जुन्या गोव्याहून दिवाडीच्या फेरीवर चढत होतो. पूर्ण ओहोटी, त्यामुळे धक्क्याचा उतार आणि बोटीची पाटी यांच्यात चांगलाच कोन झालेला. पुढचे चाक पाटीवर चढायच्या आधी बंपरखालून खर्र करून असा आवाज आला, की स्कूटरवाले सगळे मागे वळून बघायला लागले. भाचा काही बोलला नाही. पलीकडे उतरल्यावर वाकून खाली बघितलं, ओल्या बोटाने ओरखडा पुसला, आणि बेटाचा सगळा रस्ता गप्प चालवत राहिला. त्याला कसं वाटत असेल ते मला कळत होतं.

त्यापेक्षा जास्त लक्षात राहिला तो चोर्ला घाट. पावसाळा संपता संपता, केरीहून वर चढताना. अंजुण्याचं धरण भरलेलं, झाडांतून धुकं खाली आलेलं, रस्ता ओला. गाडी तोच चालवत होता, मी शेजारी. एका डाव्या वळणाच्या मधोमध डांबराचं जाड ठिगळ होतं. वेग फार नव्हता. गाडी झुकली, बाहेरचं मागचं चाक ठिगळावर चढलं आणि खालून धप्प असा आवाज आला. त्याच क्षणी मागची बाजू हातभर बाहेर सरकली. भाच्याने ती शांतपणे सावरली. "टायर घसरला," तो म्हणाला. टायर घसरला खरा. पण त्याआधी स्प्रिंग संपली होती. गाडी चाळीस मिलिमीटर खाली आणल्यावर वर जायला चाकाला जी जागा उरते, ती आधीच्या निम्म्यावर येऊ शकते. आणि निम्म्या अंतरात तोच धक्का पचवायचा तर स्प्रिंग चौपट कडक लागते, कारण साठणारी ऊर्जा अंतराच्या वर्गावर ठरते. बाजारात मिळणारी खालची स्प्रिंग चौपट कडक नसते, ती असूही शकत नाही, नाहीतर गाडीत कुणी बसणार नाही. मग गाडी बंप स्टॉपरवर, म्हणजे हालचाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर, आदळते. वळणाच्या मध्यावर सस्पेन्शन अचानक दगड होतं आणि टायरवरचा भार एका झटक्यात चढून उतरतो. ओल्या रस्त्यावर टायर तेवढं सहन करत नाही.

वळणावरचं झुकणं आणि पकड यांत लोक फार गल्लत करतात. गाडी कमी झुकली म्हणजे वजन कमी सरकलं, असं वाटतं. तसं नसतं. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती वजन जाणार हे गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधली रुंदी आणि वळणाचा जोर यांवर ठरतं. स्प्रिंग कितीही कडक केली तरी हा आकडा जवळपास तोच राहतो. स्प्रिंग आणि झुकणं आवरणारा अँटीरोल बार एवढंच ठरवतात, की त्यातला किती भाग पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या. स्प्रिंग आणि डॅम्पर एकाच खांबात असलेल्या, मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत आणखी एक गोम आहे. गाडी खाली आणली की तिचा रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती ती झुकते तो, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं आणि झुकायला गाडीला लांब तरफ मिळते. म्हणजे जे टाळण्यासाठी गाडी खाली घ्यायची, ते थोडं वाढतंच, आणि ते दाबायला पुन्हा अधिक कडक स्प्रिंग. हे सगळं मी भाच्याला केरीच्या हॉटेलात चहा पिताना सांगितलं. त्याने ऐकलं. पटलं असं त्याचा चेहरा काही म्हणत नव्हता.

तरी एक गोष्ट लिहायलाच हवी. त्याच गाडीत बसून मी एकदा संध्याकाळी झुवारीच्या नव्या पुलावरून गेले आहे, मी स्वतः चालवत. खाली पाण्यावर उतरतं ऊन, समोर गुळगुळीत रस्ता, मनगट हलवायचा अवकाश की गाडी आधीच वळलेली. मधे काही सैल नाही, कसला उशीर नाही. ते सुख खरं आहे. स्टीअरिंग फिरवणं आणि गाडी वळणं यांच्यामध्ये जो क्षणाचा रबरी अवकाश असतो, तो पुसला गेल्यावर चालकाला जे वाटतं, ते मला पुरतं कळतं आणि मला ते हवंही होतं. पूल संपला, पुढे पॅच सुरू झाले, आणि स्टीअरिंग हातात थरथरायला लागलं. तेव्हाही मनात तेच होतं की हा पुलावरचा भाग तेवढा ठेवता आला तर.

तो ठेवता येतो, पण स्प्रिंगने कमी आणि डॅम्परने जास्त. सोप्यावरचा झोपाळा ढकलून दिला की तो झुलतच राहतो. आजी बोलता बोलता पायाचा अंगठा जमिनीला घासत त्याला आवरायची. झोपाळा ही स्प्रिंग, अंगठा हा डॅम्पर. अंगठा उचलला तर झोका थांबत नाही, रोवला तर झोपाळा झोपाळा राहत नाही. गाडीत हे आवरणं दोन दिशांचं असतं. चाक वर येताना आणि चाक खाली परतताना. वर येताना स्प्रिंग स्वतः विरोध करतेच, म्हणून तिथे डॅम्परने हात आखडता ठेवायचा. परतताना स्प्रिंगने साठवलेला जोर सोडायचा असतो, तिथे घट्ट धरायचं. म्हणून बहुतेक शॉकअप्सरमध्ये परतीचा विरोध जास्त असतो. आणि तो फार वाढवला तर काय होतं, ते हमरस्त्यांवर चौकाच्या आधी मारलेल्या रंबलरच्या पट्ट्यांवर कळतं. पहिल्या पट्टीने चाक वर जातं, खाली परतायच्या आत दुसरी येते, मग तिसरी. गाडी पट्टीगणिक थोडी थोडी खाली खेचली जाते आणि शेवटी जवळपास स्टॉपरवर बसून पुढे जाते. बाहेरून बघणाऱ्याला ती घट्ट, शिस्तीची वाटते. आत बसलेल्याचे दात वाजत असतात.

वेगाचाही फरक आहे, आणि खरी निवड तिथेच होते असं माझं मत आहे. गाडी झुकते, ब्रेक मारल्यावर नाक खाली जातं, तेव्हा डॅम्परचा दांडा हळू हलतो, सेकंदाला काही सेंटिमीटर. चाक खड्ड्यात जातं तेव्हा तोच दांडा सेकंदाला मीटरभर किंवा त्याहूनही जास्त वेगाने हलतो. डॅम्परने हळू हालचालीला चांगला विरोध करावा आणि वेगवान हालचालीला वाट द्यावी, अशी झडपांची रचना करता येते. हळू वेगातला घट्टपणा म्हणजे माझा झुवारीचा पूल. वेगात मिळालेली वाट म्हणजे आईची कंबर. एकाच नळीत दोघींची सोय होऊ शकते, हे मला कळलं तेव्हा खूप मोकळं वाटलं. लोटस ह्या इंग्लिश कंपनीच्या कॉलिन चॅपमनच्या गाड्या यासाठीच नावाजल्या गेल्या. १९६२ ची एलान घ्या. हलकी गाडी, मऊ स्प्रिंगा, चाकाला भरपूर हलायला जागा, आणि ते सगळं ताब्यात ठेवणारे नेटके डॅम्पर. इंग्लंडचे खेड्यातले रस्तेही काही गुळगुळीत नव्हते. वेगवान गाडी कडक असलीच पाहिजे हा समज सपाट ट्रॅकवरून आला. टायर जमिनीला चिकटून राहायला हवा, आणि जमीन आमच्या सत्तरी तालुक्यातली असेल तर चाकाला खालीवर जायची मोकळीक दिल्याशिवाय तो चिकटून राहणार नाही.

आपल्याकडचे गतिरोधक हा वेगळाच अध्याय. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या नियमात गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा सांगितला होता, ताशी २५ किलोमीटरने ओलांडता येईल असा. गावोगावी रातोरात उठणारे उंचवटे त्या मापाच्या आसपासही नसतात. शाळेपाशी, देवळापाशी ते हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण हातभर रुंदीचा उभा वरवंटा असला, की कमी वेगातही डॅम्परचा दांडा खड्ड्यासारखाच झटक्याने हलतो, आणि तिथे आत दडलेली झडप कामाला येते की नाही हे मागची सीट लगेच सांगते.

मग आपली हवा. चार महिने पाऊस, बाकीचे महिने खारं वारं. स्प्रिंगच्या खालच्या वाटीत तांबडा चिखल साचतो, रंग उडालेल्या जागी गंज धरतो, आणि एक दिवस शेवटचं वेटोळं तुटतं, ते बहुधा तिथेच. शॉकअप्सरच्या दांड्यावरचं रबरी बूट फाटलं की चिखलातली वाळू दांड्याला ओरखडे पाडते, ओरखडे सील खातात आणि तेल गळायला लागतं. उंची कमीजास्त करता येणारे आट्यांचे कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि डॅम्पर एकत्र, मला मोहात पाडत होते. ते मी सोडून दिले ते प्रामुख्याने ह्या हवेमुळे. दोन पावसाळ्यांनंतर ज्या आट्या फिरणारच नाहीत, त्यांच्यासाठी पैसे का मोजायचे? स्प्रिंग कापून घ्यायचा स्वस्त मार्गही बऱ्याच जणांनी सुचवला. सहा वेटोळ्यांतलं एक कापलं की स्प्रिंग एक पंचमांशाने कडक होते. गणित बरोबर आहे. पण गॅसने कापताना तिथलं पोलाद तापून त्याचं पाणी उतरतं आणि कापलेलं टोक वाटीत नीट बसत नाही. मागच्या सीटवर कुणीही बसणार असो, हे मी करणार नाही.

शेवटी ठरलं ते असं. पुढे मूळचीच स्प्रिंग. मागे मूळच्याच उंचीची, दहा टक्के कडक. ती पुण्याच्या एका स्प्रिंगवाल्याकडून वळवून घेतली. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर चालतो, त्यामुळे १२ मिलिमीटरच्या जागी १२.३ ची तार घेतली की काम झालं. बोटांनी चाचपून हा फरक कळत नाही. भरलेल्या गाडीत मागची गती १.३ वरून पुढच्या बरोबरीला येते, आणि त्यापुढे काही लागलंच तर मागे लांब, मऊ सुरुवातीचे बंप स्टॉपर बसवले आहेत, ते हळूहळू भार घेतात. शॉकअप्सर मोनोट्यूब, बिलस्टाईनचे बी ६, मूळच्या लांबीचे. त्यांचेच बी ८ खाली घेतलेल्या गाडीसाठी आखूड असतात, ते मला नकोच होते. मोनोट्यूबमध्ये तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन यांच्यामध्ये सरकता पिस्टन असतो, त्यामुळे चोर्ल्यासारख्या लांब तुटक्या रस्त्यावर तापूनही तेलाला फेस येत नाही. आणि एक गोष्ट मला मनापासून आनंद देऊन गेली. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या हॅचबॅकला मागची बाजू जरा कडक केलेली मानवते, वळणात शिरताना नाक बाहेर जायची खोड कमी होते. आईसाठी केलेला बदल घाटात मलाच मिळाला.

बसवताना मेस्तांनी बूशचे, म्हणजे सांध्यातल्या रबरांचे, बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळले नाहीत. चाकं लावून, गाडी जमिनीवर उभी करून, स्वतः खड्ड्यात उतरून आवळले. लोंबत्या चाकाला आवळलं तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. खालून त्यांचा आवाज आला, "डिकीत काय तरी जड ठेव." मी तांदळाची दोन पोती आणायला धावले.

त्यानंतरच्या रविवारी आईला घेऊन वाळपईला गेले. उसगावच्या पुढच्या उंचवट्यांवर गाडी एकदा वर गेली, एकदा खाली आली आणि पुढे निघाली. आईचा हात हँडलवर होताच. एवढ्या वर्षांची सवय, ती स्प्रिंगने जात नाही, आणि ते बघून मला थोडं वाईटही वाटलं. उतरल्यावर ती कमरेवर हात न ठेवता सरळ आत गेली. ते मी बघितलं. तिला त्याबद्दल काही विचारलं नाही.

भाच्याने परवा माझी गाडी घाटात नेऊन आणली. आल्यावर बराच वेळ बोनेटला टेकून उभा राहिला. "मावशी, कोपऱ्यात हलत नाही ग ही," म्हणाला, "आणि लागत पण नाही." त्याला स्वतःची गाडी वर घ्यायची नाही, तेवढं दिसणं त्याला सोडवत नाही, आणि ह्या वयात त्याने ते सोडावं असा आग्रह मी धरत नाही. चाळीसऐवजी वीस मिलिमीटरवर तो यायला तयार आहे, नव्या स्टॉपरसकट. त्यालाही आखूड लांबीचे चांगले डॅम्पर आधी घ्यावे लागतील, कारण आत्ताचे लांब शॉकअप्सर त्या उंचीला अर्धे मिटलेलेच असतात आणि मागचा डावा गळायला लागला आहे. पैसे साठेपर्यंत स्प्रिंगला हात लावायचा नाही, एवढं आमचं ठरलं आहे.